अकरा नंबरचा मोजा

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि पाठीमागेही, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर आतून बरंच वाटे. बत्तीस वर्षं तो एकाच टेबलाशी बसून कवळ्या करत होता. अर्ध्या मिलिमीटरवरून त्याने मालकाशी भांडणं केली होती, दातांच्या डॉक्टरांशी फोनवर हुज्जत घातली होती, आणि एकदा तर एका डॉक्टरने पाठवलेला ठसा 'हे तोंड माणसाचं आहे की घोड्याचं?' अशी चिठ्ठी लावून परत पाठवला होता. कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही, हे त्याच्यावर खार खाणारेही कबूल करत. गंमत एवढीच की बत्तीस वर्षांत त्याने एकाही पेशंटचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं. डॉक्टर ठसा घ्यायचे, ठशात प्लास्टर ओतून साचा व्हायचा आणि साचा याच्या टेबलावर यायचा. माणूस कधी यायचा नाही. हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली, ती सगळी पांढरी, कोरडी आणि गप्प.

आईची कवळीही त्यानेच केली होती, नऊ वर्षांपूर्वी. घरात ती दोघंच. त्याचं लग्न आज-उद्या करता करता राहून गेलेलं, थोरली बहीण लग्न होऊन लांबच्या गावी. गेली दोन वर्षं आई म्हणत होती की खालची कवळी टोचते. हा म्हणायचा, "साचा खोटं बोलत नाही, आई. तुलाच सवय करून घ्यायची नाही." आता म्हातारपणी हिरड्या झिजतात, कवळी सैल होते आणि मग टोचायला लागते, हे लॅब झाडायला येणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. यालाही होतंच की. परक्या कुणाची तक्रार आली असती तर याने त्याच दिवशी कवळी घासून, नीट करून पाठवली असती. पण हे घरचं काम. घरचं काम रविवारी करू म्हणायचं, आणि रविवारी झोपायचं.

सोमवारी सकाळी आई पुन्हा म्हणाली, "आज फारच टोचतंय रे." त्याची बस चुकायची वेळ झाली होती, एक पाय बुटात होता, एक बाहेर.

"मग काढून ठेव आणि गप्प बस," तो म्हणाला आणि दार ओढून निघून गेला.

दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला, की आई स्वयंपाकघरात कोसळली. संध्याकाळपर्यंत ती सरकारी इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात, बारा नंबरच्या पलंगावर होती, नाकात ऑक्सिजनची नळी घालून. डॉक्टर तरुण होते आणि खरं बोलायची त्यांना अजून लाज वाटत होती. हृदय थकलंय म्हणाले, मूत्रपिंडंही साथ देत नाहीत म्हणाले, वयही झालंय म्हणाले. शेवटी म्हणाले, "चार-सहा दिवस. त्याहून जास्त मी सांगू शकत नाही."

त्यात आणखी एक झालं. पहिल्याच रात्री आईने कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि जेवणाच्या ताटात ठेवली. सकाळी ताट गेलं, ताटाबरोबर रुमाल गेला, रुमालाबरोबर कवळी. मंगळवारी मिलिमीटरने वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टरला बोलला, आयाबाईला बोलला, खाली जाऊन कचऱ्याचे दोन पिंप स्वतःच्या हाताने उपसले. कवळी काही मिळाली नाही.

आणि त्या दिवसापासून तो आला की आई काहीतरी सांगायला बघायची. ओठ हलायचे, बोळक्या तोंडातून वारा आल्यासारखा आवाज यायचा, आणि शब्द काही बनायचा नाही. तिच्या अंगात इतकीही ताकद नव्हती की दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणावं. तो वाकायचा, "काय? काय म्हणतेस?" म्हणायचा. ती पुन्हा तोच वारा सोडायची आणि दमून डोळे मिटायची. रात्री बहीण फोनवर विचारायची, "काय म्हणाली रे आई?" तिच्या घरचे सगळे तिथे आजारी पडलेले, रविवारच्या आधी निघणं तिला शक्य नव्हतं. तो म्हणायचा, "काही नाही, झोपली होती." मग रात्रभर त्याला आपलंच वाक्य ऐकू यायचं. काढून ठेव आणि गप्प बस. बिचारीने दोन्ही केलं होतं. आता ती जे सांगू बघत होती ते त्या वाक्याचं उत्तर होतं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शिव्या असतील तर शिव्या. जाऊ दे म्हणत असेल तर फारच बरं. पण जे काय असेल ते ऐकल्याशिवाय ती गेली, तर पुढची सगळी वर्षं त्या घरात एकट्याने कशी काढायची, हे त्याला कळत नव्हतं.

तेव्हा त्याने त्याला येत होतं ते केलं. लॅबच्या सगळ्यात वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा नऊ वर्षांपूर्वीचा साचा उतरवला आणि नवी कवळी करायला घेतली. दात आले की शब्द येतील, एवढा सरळ हिशेब.

शेजारच्या टेबलावर मेणात दात बसवणारे काका होते. मिलिमीटरला चार गोष्टी ऐकवू शकणारा लॅबमधला तो एकच माणूस. त्यांनी चष्मा वर करून साचा पाहिला.

"नऊ वर्षांचा साचा हा. हिरड्या कुठल्या कुठे गेल्या असतील. नवा ठसा घे."

"मरायला टेकलेल्या बाईच्या तोंडात ठशाचा लगदा कोंबू?"

"मग निदान जाऊन तोंड तरी बघून ये. बोट फिरवून ये हिरडीवरून. तुझी आई आहे, चावणार नाही."

मिलिमीटरने साचा आपल्याकडे ओढला. मेण वितळवायला लागला.

लगदा कोंबायचा नाही हे बरोबरच होतं, पण ते सगळं खरं नव्हतं, आणि दुसरं कुणी सांगणार नाही तर आपणच सांगून टाकू. इस्पितळात भेटायची वेळ चार ते सहा होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार तो साडेपाचला पोचायचा आणि पावणेसहाला निघायचा. लॅबमध्ये काम आहे म्हणायचा. होतंच काम. कवळी मेणात उभी करायची, साच्यात दाबायची, गरम पाण्यात शिजवायची, घासायची, पुन्हा घासायची. त्या कामात हात चालतात आणि डोकं बंद राहतं. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलं की उलटं होतं. तिथे हाताला काही काम नाही आणि समोर आईचं तोंड, उघडं, ओलं, कण्हणारं. तिथून तो पळत होता. आईसाठी जिवाचं रान करतोय असं सगळ्यांना वाटत होतं, त्यालाही वाटत होतं, आणि तिकडे ती एकटी पडली होती.

शुक्रवारी दुपारी कवळी झाली. त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. काकांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि नुसतं "हं" म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणाच्या कामाला इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. मिलिमीटरने ती पाण्याच्या डबीत ठेवली. डबीचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांत सरळ धरून तो निघाला.

त्या दिवशी अख्ख्या जगाने त्याच्याशी गोड वागायचं ठरवलेलं दिसत होतं, आणि त्याला ते अजिबात नको होतं. बस सुटली होती. तो धावलाही नाही, धावता येण्यासारखं नव्हतंच, नुसता डबी धरून थांब्यावर बघत राहिला. तर पन्नास पावलं पुढे जाऊन बस थांबली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं होतं. तो चढला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "सावकाश, सावकाश. सांडेल." इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाताना डोळ्यांसमोरून बस निघून गेलेली त्याने पाहिली होती, आणि आज नेमकं यांना माणुसकी आठवली. आत एक जाडजूड माणूस, हाताला ग्रीसचे डाग, बहुधा गॅरेजमधला मेकॅनिक, उठून उभा राहिला आणि जागा दाखवली.

"बसा. नाडी सुटलीय तुमची."

"असू दे."

"पडाल हो. हात कुठे मोकळे आहेत तुमचे?"

आणि तो अगडबंब माणूस हलत्या बसमध्ये चक्क खाली बसला आणि मिलिमीटरच्या बुटाची नाडी बांधायला लागला. एक गाठ मारली, वर दुसरी मारली, खेचून पाहिली, आणि नट आवळल्यासारखी तिसरी मारली. "आता बापजन्मात सुटायची नाही," म्हणाला. मिलिमीटरला लाजेने कुठे बघावं कळेना. छप्पन वर्षांच्या माणसाची नाडी कुणी बांधावी? आभारसुद्धा त्याने धड मानले नाहीत. खिडकीतून बाहेर बघताना त्याचे डोळे उगाच भरून आले, आणि डबी हातात असल्यामुळे पुसताही येईनात.

इस्पितळाच्या दारावर रखवालदार होता. मंगळवारी त्याने साडेपाचलाही पास विचारून विचारून जीव नकोसा केला होता. आज चार वाजायला वीस मिनिटं होती. त्याने डबीकडे पाहिलं, आत गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात पाण्यात हसत होते.

"कुणाचे?"

"आईचे. बारा नंबर."

रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि दार हातभर उघडलं. "जा. मी तुम्हाला पाहिलं नाही."

वॉर्डात दुपारची सुस्ती होती. अठ्ठावीस पलंग, अठ्ठावीस बायका, एक सिस्टर. खिडक्या उंचावर, त्यातल्या दोन बंद होत नव्हत्या, आणि त्यांतून येणारा वारा बरोबर अकरा, बारा आणि तेरा नंबरवर उतरत होता. तेरा रिकामा होता. अकरा नंबरवर एक म्हातारी बसलेली असायची, उशीला टेकून, गुडघ्यापर्यंत चादर ओढून. वॉर्डात तिला सगळे अकरा नंबरच म्हणत. चार दिवसांत मिलिमीटरने तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही.

आईचा चेहरा कालच्यापेक्षा लहान झाला होता. त्याने हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि ओठ हलवले. तोच वारा.

"थांब आई, थांब. दात आणलेत. आता बोल."

त्याने हात धुतले. डबीतून कवळी काढली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एका जिवंत माणसाच्या तोंडात बोटं घातली, आणि त्याच क्षणी त्याला कळलं. हिरड्या नव्हत्याच. म्हणजे होत्या, पण साच्यातला तो उंच, गोल, गुळगुळीत बांध कुठेच नव्हता. होती ती सुरीच्या धारेसारखी बारीक रेघ, आणि खाली उजव्या बाजूला एक जुना, कडक झालेला घट्टा. तिथेच टोचत होतं. दोन वर्षं टोचत होतं. बोट तिथे लागलं तेव्हा आईने डोळे घट्ट मिटले.

तरी त्याने कवळी बसवली. वरची त्याने अंगठ्याने धरली तोवर राहिली, सोडली तशी खाली आली. खालची तर जिभेवर तरंगायला लागली. आईचं तोंड एकदम कुणा परक्या बाईचं दिसायला लागलं, नको तिथे हसणाऱ्या. त्याने पुन्हा दाबली. पुन्हा पडली. आईने जिभेने ढकलत ढकलत कवळी ओठांपर्यंत आणली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. फार दमलेल्या माणसाची ती नजर होती, ज्याला आता हेही करायला लावू नये.

"आई, एकदा. एकदाच बोल. त्याच्यानंतर काढतो."

"अहो, काढा की ते तिच्या तोंडातून," शेजारून आवाज आला. "जनावराला लगाम घालताय की काय?"

अकरा नंबर बोलत होती. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, पण शब्द मात्र स्पष्ट.

मिलिमीटरने कवळी काढली. ती पुन्हा डबीत टाकली. "तिला काहीतरी सांगायचंय, मावशी. चार दिवस सांगतेय. दात नाहीत म्हणून कळत नाही."

"कुणाला कळत नाही?"

"कुणालाच."

"मला कळतं ना. मला पंधरा वर्षं झाली दात जाऊन, कवळीबिवळी कधी लावलीच नाही. बोळक्या तोंडाचं बोलणं बोळक्यालाच कळतं. तुम्ही विचारलंत का कधी मला? येता, पाव तास घड्याळाकडे बघता आणि जाता."

तो उठून तिच्या पलंगाच्या कडेला आला. इतकं जपून विचारलं, जणू मोठ्याने विचारलं तर उत्तर मोडेल. "काय म्हणते ती?"

"तळवे गारठलेत म्हणते."

"काय?"

"पायाचे तळवे. गारठलेत, झाका म्हणते. पहिल्या दिवसापासून तेच म्हणते. त्या खिडकीचा वारा थेट पायावर येतो ना. मी सिस्टरला सांगितलं. तिने बिचारीने कांबळं आणून दिलं, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी सात नंबरला नेलं. तिचा तरी काय दोष, अठ्ठावीस जणी आहेत."

मिलिमीटर आणखी वाकला. "आणखी काही? माझ्याबद्दल काही? मी तिला त्या दिवशी सकाळी..." पुढचं त्याला म्हणवेना.

अकरा नंबरने त्याच्याकडे नीट पाहिलं. काय ते तिला कळलं असावं, कारण तिचा आवाज जरा खाली आला. "नाही हो. पायाचंच. पाय गार पडले की माणसाला दुसरं काही सुचत नाही."

चार दिवस. चार दिवस तो अर्धा अर्धा मिलिमीटर घासत बसला होता, आणि इथे एक चादर दुमडून पायांवर टाकायची होती. लहान पोराला आपल्या आईचं हे कळलं असतं. त्याला नाही कळलं. त्याला वाटलं होतं की ती त्याच्याविषयी बोलतेय.

त्याने आईच्या पायांवरची चादर वर केली. डावा पाय उघडा होता, निळसर, खरोखरच बर्फ. उजव्या पायात एक मोजा होता. जाड तांबड्या लोकरीचा, हाताने विणलेला, टाचेला रफू केलेला. आईचा नव्हता. त्यांच्या घरात असला मोजा नव्हता.

"हा कुणाचा?"

"माझा," अकरा नंबर म्हणाली. "आयाबाईला सांगून घालायला लावला बुधवारी. मला उठता येत नाही ना."

"आणि दुसरा?"

"दुसरा माझ्या पायात आहे." तिने आपल्या अंगावरची चादर जराशी उचलली. एक पाय होता, तांबडा मोजा घातलेला. दुसरा गुडघ्याखाली नव्हताच, तिथे पांढरी पट्टी होती. "साखरेने नेला. एक मोजा उगाच उशाखाली पडून होता. मी म्हटलं, हिचा एक तरी पाय झोपू दे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती बिनदातांची खुदकन हसली. "तुम्हाला वाटलं असेल, काय येडपट बाई, एकच मोजा देते. पण माझ्याकडे जास्तीचा एकच होता, काय करू?"

मिलिमीटर खाली बसला आणि आपला बूट काढायला लागला. पण नाडीची गाठ सुटेना. मेकॅनिकने बापजन्मात सुटायची नाही म्हणून मारलेली तिसरी गाठ, ती कशी सुटेल? नखं लावली, किल्लीचं टोक लावलं, कवळीवर कानस फिरवणारे ते तरबेज हात त्या गाठीपुढे हरले. शेवटी त्याने दुसऱ्या पायातला बूट काढला, त्यातला मोजा काढला. करड्या रंगाचा, साधा, दिवसभर पायात असल्यामुळे गरम. थोडा ओलसरही होता. एरवी असल्या मोज्याला त्याने आईला हात लावू दिला नसता. तो त्याने तिच्या डाव्या पायात चढवला, दोन्ही पाय ओंजळीत धरले आणि तळवे चोळत राहिला. एक तळवा थोडा उबदार होता. दुसऱ्याला ऊब यायला फार वेळ लागला.

मग आईच्या तोंडातून आवाज आला. यावेळी वेगळा. त्याने चटकन अकरा नंबरकडे पाहिलं.

"आता? आता काय म्हणाली?"

"आता काही नाही म्हणाली," अकरा नंबर म्हणाली. "बरं वाटलं की निघतो तसला आवाज आहे तो."

सहाची घंटा झाली तेव्हा सिस्टर सगळ्यांना बाहेर काढत बारा नंबरपाशी आली. तिने पाहिलं, की एक बूट हातभर लांब पडलाय आणि तो बाबा आईचे पाय पोटाशी धरून बसलाय. ती पुढे गेली, दुसऱ्या टोकाच्या लोकांना आधी हाकललं, आणि परत यायला मुद्दाम पाऊण तास लावला. आई तोवर झोपली होती. त्याने "आई, मी तुला तसं म्हणायला नको होतं" असं हळूच म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी उत्तर कळलं नसतं. तो एक पाय मोज्याविना बुटात घालून घरी गेला. रस्त्यात तो पाय बुटाच्या चामड्याला घासत राहिला.

शनिवारी सकाळी सातला फोन आला. आई गेल्याचं बहिणीला कळवलं, ती रडली, तो रडला नाही. हाताला लागले ते कपडे घालून निघाला. वॉर्डात बारा नंबरभोवती पडदा होता. सह्या झाल्या, शिक्के झाले, गाडीला अजून दोन तास लागतील असं सांगितलं गेलं. सिस्टरने आईच्या सामानाचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. एक फणी, एक चष्मा, एक चोळामोळा झालेला रुमाल, आणि दोन मोजे, एक तांबडा आणि एक करडा, एकमेकांत गुंडाळलेले. कुणीतरी त्यांची जोडी समजून गुंडाळले होते.

त्याने तांबडा सोडवला आणि अकरा नंबरपाशी गेला.

"पहाटे गेली," ती म्हणाली. "मी जागीच होते. हाक मारली सिस्टरला, त्याही लगेच आल्या. पण काही उपयोग नव्हता."

"काही म्हणाली का?"

"नाही." तिने चादर सारखी केली. "काहीतरी रचून सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, कळतंय मला. पण मला ते जमत नाही. रात्रभर पायांचं मात्र काही म्हणाली नाही, एवढं खरं."

त्याने मान हलवली. मोजा पुढे केला. "तुमचा."

"ठेवा तुम्हीच. मला काय करायचाय?" ती सहज म्हणाली. "सोमवारी हाही पाय काढणार आहेत. अंगठा काळा पडलाय, वरपर्यंत गेलंय म्हणतात. तुम्ही हाही घेऊन जा मग, जोडी होईल तुमची. चांगली लोकर आहे, बहिणीने विणले होते. बहीणही नाही आता." आणि ती वाकून खरोखरच आपल्या पायातला मोजा काढायला लागली. हात पोचत नव्हता. चार दिवसांत तिच्या स्टुलावर कुणी बसलेलं त्याने पाहिलं नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं.

"थांबा, मावशी. आज शनिवार आहे."

"मग?"

"सोमवार यायला दोन दिवस आहेत."

खिडकी उघडीच होती, आणि वारा कालच्यासारखाच खाली उतरत होता. बारा नंबरच्या पडद्यामागे त्याची आई होती, तिला आता त्या वाऱ्याचा त्रास नव्हता. घरी गेल्यावर दार उघडून आत कुणाला हाक मारायची, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते दार त्याला आजच उघडायचं होतं. त्याने स्टूल ओढलं, अकरा नंबरच्या पायाशी बसला आणि तिचा अर्धवट निघालेला मोजा पुन्हा वर ओढला. त्यावर आईच्या पायातून आलेला दुसरा मोजा चढवायला घेतला. टाच टाचेवर आणली, अंगठ्याला धक्का लागू न देता बोटांवरून तो हळूहळू ओढला, घोट्याशी सुरकुती पडली होती ती सपाट केली. एकाच पायात दोन तांबडे मोजे.

मग तो थांबला. लोकरीवरून बोट फिरवत त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मावशी," त्याने विचारलं, "कुठे टोचत नाही ना?"

आणि ती काय म्हणते ते ऐकायला तो वाकून बसून राहिला.